पन्हळीची जाळी, पोर्शेचं तोंड

वीस-पंचवीस वर्षांच्या पोर्शे बॉक्स्टरचा पुढचा बंपर पहिल्यांदा उतरवला जातो, तेव्हा आत जे सापडतं त्याला यंत्रशास्त्रात नाव नाही. माळीकामात आहे: पालापाचोळ्याचं खत. काळी पडलेली ओकची पानं, सिगारेटची थोटकं, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा, पंख झडलेले पतंग आणि तळाशी ओली वाळू. वर्षानुवर्षं हा ऐवज एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत मुरत पडलेला असतो. वासही खताचाच.

हे सगळं त्या गाडीच्या तोंडातून आत गेलेलं असतं. आणि हे तोंड बंद न करता झाकायचं कसं, या प्रश्नातून एक घरगुती कारागिरी उभी राहिली आहे. तिचा कच्चा माल मिळतो घरदुरुस्तीच्या दुकानात. छपराच्या पन्हळीत पानं अडकू नयेत म्हणून तिच्यावर बसवायची ॲल्युमिनियमची स्वस्त जाळी विकत आणायची, कापायची, काळी रंगवायची आणि प्लॅस्टिकच्या टायने पोर्शेच्या बंपरला बांधायची. ज्या गाडीच्या आतल्या शिलाईचा धागासुद्धा ग्राहक निवडून घेतो, तिच्या नाकावर पन्हळीची जाळी! ऐकायला विचित्र वाटतं, पण तर्क पाहिला तर चूक काहीच नाही. पन्हळीलाही तेच हवं असतं: वाहतं ते जावं, पान मागे राहावं.

मुळात पोर्शेला असं तोंड नव्हतंच. १९६३मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलेली ९११ आणि तिच्या पुढच्या पिढ्या हवेवर थंड होणाऱ्या. इंजिन मागे, त्याच्यावर मोठा पंखा, आणि समोर रेडिएटर नसल्याने जबडा उघडायची गरजच नाही. म्हणून जुन्या ९११चा चेहरा बेडकासारखा मिटलेला दिसतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. १९९३मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात बॉक्स्टर नावाची संकल्पना-गाडी दाखवली गेली, लोकांनी ती उचलून धरली, आणि १९९६मध्ये ती बाजारात आली. अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आसनांच्या मागे, आणि ते थंड करायला पाणी. पाठोपाठ १९९७मध्ये ९११सुद्धा पाण्यावर गेली. खर्च वाचावा म्हणून दोन्ही गाड्यांचं नाक जवळजवळ एकच ठेवलेलं होतं, त्यामुळे नाकाची दुखणीही सारखीच.

इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, ही रचना थोडी आडवळणाची आहे. गाडीच्या पोटाखालून लांब नळ्या जातात, गरम पाणी पुढे आणतात आणि निवलेलं मागे नेतात. बंपरच्या डाव्या-उजव्या टोकांना, पुढच्या चाकांच्या अगदी पुढ्यात, एकेक रेडिएटर तिरका बसवलेला असतो. त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर, मागे पंखा. १९९९च्या ३.२ लिटर बॉक्स्टर एसला हे दोन पुरले नाहीत, म्हणून मधोमध तिसरा रेडिएटर आला. समोरच्या तोंडातून हवा आत शिरते, कंडेन्सर आणि रेडिएटर या दोन्हींमधून जाते आणि चाकांच्या बाजूने बाहेर पडते.

अडचण तोंडाशीच आहे. त्याच्यावर कारखान्यातूनच येणाऱ्या काळ्या पट्ट्या दिसायला ऐटदार, पण त्यांच्या फटींमधून पिंपळपान आरामात जाईल. पान एकदा कंडेन्सरच्या कडेवरून मागच्या फटीत घसरलं की परतीची वाट नाही. वरून पाऊस, खालून थंड देशांत रस्त्यावर टाकलेलं मीठ. कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यांच्या चपट्या नळ्यांची भिंत अगदी पातळ. ओल्या कचऱ्याची पोटीस त्यांना बारा महिने बांधलेली. आधी एसीचा वायू निसटतो, मालकाला वाटतं गॅस भरून घेतला की झालं. मग कधीतरी गॅरेजच्या फरशीवर रंगीत कूलंटचा डाग दिसतो.

दुसरा शत्रू दगड. त्याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. पाच ग्रॅमचा खडा रस्त्यावर नुसता पडलेला असला आणि गाडी ताशी १०० किलोमीटरने त्याच्यावर गेली, तर धडकेची ऊर्जा जेमतेम दोन जूल. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट, साडेसात जुलांच्या वर. जर्मनीच्या वेगमर्यादा नसलेल्या महामार्गांवर ताशी २०० ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हे. आणि खडीच्या डंपरमागे घाट चढलेल्या कुणालाही बाकीचं समजावून सांगायला नको.

दगडाविरुद्ध जाळी ही युक्ती मात्र पोर्शेहून कितीतरी जुनी. १९२३च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या ल मान्स शहराजवळ चोवीस तासांची पहिली शर्यत झाली. जॉन डफ आणि फ्रँक क्लेमेंट हे दोघे आळीपाळीने तीन लिटरची बेंटली चालवत होते. रस्ता खडीचा. रात्री एका दगडाने हेडलाइट फुटला. नंतर दुसऱ्या दगडाने पेट्रोलच्या टाकीलाच भोक पाडलं आणि गाडी पिटपासून दूर कोरडी पडली. डफ धावत पिटवर आला. क्लेमेंट उसन्या सायकलवर पेट्रोल घेऊन गाडीकडे गेला, भोक बुजवलं आणि गाडी पुन्हा धावू लागली. शर्यतीतला सर्वांत वेगवान फेरा क्लेमेंटच्या नावावर, तरीही गाडी चौथ्या क्रमांकावर अडली. पुढच्या वर्षी ते परतले तेव्हा हेडलाइटवर तारेची जाळी होती आणि टाकीभोवती नारळाच्या काथ्याचं आवरण, कोकणात पायपुसणी विणतात तोच काथ्या. त्या वर्षी ते जिंकले. कोकणात पायपुसणी विणतात तोच काथ्या. पुढे बेंटलीच्या रेडिएटरवरची तारेची जाळी ही त्या गाडीची ओळखच होऊन बसली. आजच्या बेंटलीवर ती दागिन्यासारखी मिरवते, पण जन्माने ती चिलखत आहे.

घरगुती जाळी करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो छिद्राचा. बारीक जाळी घेतली तर काहीच आत जाणार नाही, हवासुद्धा. मोठी घेतली तर पान अडेल, खडा जाईल. एक सोपं सूत्र आहे: चौकोनी जाळीत भोकाची रुंदी भागिले भोक अधिक तार, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. सहा मिलिमीटरचं भोक आणि एक मिलिमीटरची तार असेल, तर सुमारे ७३ टक्के जागा मोकळी. तीन मिलिमीटरचं भोक आणि अर्ध्या मिलिमीटरची तार घेतली तरी उत्तर तेच, ७३ टक्के! म्हणजे कागदावर दोन्ही सारख्याच. रस्त्यावर नाहीत. बारीक भोकांना हवा जास्त घासून जाते, आणि उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळच्या किड्यांनी ती लिंपून निघतात. म्हणून मच्छरदाणीची जाळी हा मोह टाळायचा, आणि तीन ते सहा मिलिमीटरच्या मधलं काहीतरी घ्यायचं, असा बहुतेकांचा अनुभव. भुशाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या नाकावरची जाळी दिवसातून दोनदा झाडणाऱ्या शेतकऱ्याला हे सूत्राशिवाय ठाऊक असतं.

पन्हळीच्या जाळीतला एक प्रकार विणलेला नसतोच. अखंड पत्र्याला ओळीने चिरा द्यायच्या आणि पत्रा ताणायचा; चिरा उघडून शंकरपाळ्यांच्या आकाराची भोकं तयार होतात. जॉन फ्रेंच गोल्डिंग या ब्रिटिश माणसाने १८८४मध्ये याचं पेटंट घेतलं. सांधा नाही, जोड नाही, कापून टाकलेला तुकडाही नाही. याची कड कशीही कापली तरी जाळी उसवत नाही, हे घरी काम करणाऱ्याच्या फार सोयीचं. तिची एक खोडही आहे. ताणताना पत्र्याच्या पट्ट्या किंचित तिरक्या होतात, खिडकीच्या झडपांसारख्या. त्यामुळे जाळी सरळ धरली की हवा एकीकडे वळते, उलटी धरली की दुसरीकडे. निवांत माणसं पंख्यासमोर जाळी धरून, हाताने वारा चाचपून, मगच बाजू ठरवतात.

आता प्रत्यक्ष काम. आधी पुठ्ठा. बिस्किटांच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा बंपरच्या तोंडात धरायचा, कडा दाबून खुणा उमटवायच्या, कापायचा, पुन्हा बसवून पाहायचा. या कामात निम्मा वेळ पुठ्ठ्याला जातो आणि तो द्यावाच. मग जाळीवर साचा ठेवून चहूबाजूंनी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त सोडायचं आणि पत्र्याच्या कात्रीने कापायचं. हातमोजे घालून, कारण कापलेल्या जाळीच्या कडेला करवतीसारखे दात असतात. जादाची कड मागे दुमडली की जाळीला ताठपणा येतो आणि ते दात रंगावर ओरखडे काढत नाहीत. काहीजण कडेवर रबरी नळी मधोमध चिरून चढवतात.

रंग काळाच, तोही मॅट. चांदीची चमक ठेवली तर नजर जाळीवर अडकते. काळ्या रंगाने ती तोंडातल्या अंधारात विरघळते. ॲल्युमिनियमला रंग नीट धरत नाही, म्हणून आधी त्यासाठीचा प्रायमर, मग लांबून दोन-तीन हलके फवारे. एकाच वेळी भरपूर मारला की रंग भोकांमध्ये पडद्यासारखा ताणून बसतो आणि मग सुई घेऊन एकेक भोक उघडत बसण्याची शिक्षा.

बांधायला प्लॅस्टिकचे केबल टाय. हाही मोटारीच्या जगातून आलेला नाही. विमानांतल्या वायरींच्या जुड्या बांधण्यासाठी मॉरस लोगन या अमेरिकी अभियंत्याने १९५८मध्ये तो तयार केला. टाय घ्यायचा तो काळाच, आणि हे नुसतं दिसण्यासाठी नाही: त्यात मिसळलेली काजळी उन्हापासून प्लॅस्टिकला वाचवते. पांढरा टाय एक-दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतो, आणि मग सुटलेली जाळी स्वतःच रेडिएटरवर घासू लागते. गाठी मागच्या बाजूला, शेपट्या मुळापासून छाटून. बंपर काढला असेल तर हे काम सुटसुटीत. काहीजण बंपर न काढता पुढूनच, आकडीने टाय ओढत, बोटं सोलत करतात. पण बंपर न काढण्यात एक मोठा तोटा आहे. आतलं खत आतच राहतं, आणि वर झाकण बसतं. जाणकार आधी कंडेन्सरचे स्क्रू काढून तो गॅसच्या नळ्या न उघडता अलगद पुढे झुकवतात, मधला गाळ हाताने, मग ब्रशने, मग कमी दाबाच्या पाण्याने काढतात. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरचे नाजूक पत्रे गवतासारखे आडवे होतात.

सर्वांत ठरलेली फजिती वेगळीच आहे. एका बाजूची जाळी अंगावर बसली की आनंदाच्या भरात त्याच साच्याने दुसरी कापली जाते, कडा दुमडल्या जातात, रंग वाळतो, आणि बसवताना कळतं की आपण दोन डाव्या जाळ्या केल्या. उजवीकडचं तोंड आरशातलं प्रतिबिंब असतं. साचा पालथा घालायला हवा होता.

ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी तयार माल आहे. झुनस्पोर्ट ही ब्रिटिश कंपनी स्टेनलेस तारेच्या विणलेल्या, काळा मुलामा दिलेल्या जाळ्या गाडीच्या मॉडेलप्रमाणे बनवून विकते. त्या देखण्या आणि दणकट असतात, आणि गंजत नाहीत. पन्हळीची जाळी त्यांच्यापुढे किमतीत कितीतरी पट हलकी, आणि खडा जोरात लागला तर पोचा पडणारी. पण पोचा पडला तर पडला. धडक तिने घेतली, कंडेन्सरने नाही.

सगळ्या गाड्यांना हा उपाय चालत नाही. नव्या गाड्यांच्या नाकात पुढच्या वाहनाचं अंतर मोजणारं रडार असतं. ७७ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या रडारच्या लहरीची लांबी चार मिलिमीटरच्याही आत. तिच्यासमोर धातूची जाळी म्हणजे डोळ्यांवर झापड. तिथे हात न लावलेला बरा. १९८९मध्ये आलेल्या माझ्दा एमएक्स-५सारख्या उघड्या तोंडाच्या जुन्या, साध्या गाड्यांवर मात्र पन्हळीची जाळी निर्धास्त बसते.

बसवल्यानंतरचे पहिले काही दिवस मालकाची नजर रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त. गाडी वेगात असताना काट्यात फरक पडत नाही, कारण हवा भरपूर असते. खरी परीक्षा सिग्नलवर, एसी चालू, ऊन डोक्यावर, हवा ओढायला फक्त पंखा. काटा नेहमीच्या जागी राहिला तर जाळी पास. पानगळीत मात्र ती दर आठवड्याला बघावी लागते. कचरा तेवढाच येतो. पूर्वी तो आत दडायचा, आता पुढे चिकटलेला दिसतो आणि दोन बोटांनी उचलता येतो.

अशी जाळी केलेल्या घरांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर खिळ्याला दोन पुठ्ठे टांगलेले दिसतात, रंगाच्या फवाऱ्याने कडा काळ्या झालेल्या. एकावर मोठ्या अक्षरांत ‘डावा’, दुसऱ्यावर ‘उजवा’, आणि दोन्हींवर वर कोणतं ते दाखवणारा बाण.