देवळात जाणारे जास्त जगतात का?

मंडळी, हा प्रश्न गोरेगावात कुठेही विचारा, दोन उत्तरं तयार असतात. भाविक म्हणतात, जगणारच, देव बघतोय. न मानणारे म्हणतात, काहीतरीच काय! आम्हाला दोघांनाही जरा थांबवायचं आहे, कारण या प्रश्नावर आकडे उपलब्ध आहेत.

बरेचसे आकडे अमेरिकेतले. तिथल्या परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात 74,534 स्त्रियांचा 1996 ते 2012 असा पाठपुरावा झाला. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा चर्चला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी निघालं. हा आकडा लहान नाही.

पण लगेच टाळ्या नकोत. जो अंथरुणाला खिळलाय तो चर्चला जाणार कसा? आपली वारीच घ्या. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. ज्याचे पाय चालतात तोच निघतो, गुडघे गेलेली आजी घरी राहते. तेव्हा वारकरी काटक दिसतात म्हणून वारीनेच त्यांना काटक केलं, असं म्हणता येत नाही. परिचारिकांच्या अभ्यासात आधीची प्रकृती हिशेबात धरली होती, तरी फरक उरला. अर्थात चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना देवळात आणि निम्म्यांना घरी बसवता येत नाही, त्यामुळे शंकेला जागा राहतेच.

आता गंमत बघा. या अभ्यासात मोजलं काय? श्रद्धा नाही. हजेरी. किती वेळा गेलात, एवढंच. आणि फरकाची कारणं शोधली तेव्हा जवळजवळ पाव वाटा माणसांच्या आधाराचा निघाला, तेवढाच साधारण सिगारेट न ओढण्याचा. हे दुसरं कारण आपल्याला नवीन नाही. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू आणि मांसाहार सुटतो. माळकऱ्याला गुत्त्यावर बघितलं तर गावभर बोभाटा होतो, हा धाक मोठा.

आधाराचं काय? पालखीच्या मुक्कामाला संध्याकाळी समाज आरती होते. चोपदार दंड उंचावतात आणि टाळ-मृदंग एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारलं जातं. हजारोंच्या गर्दीत आपलं कुणीतरी ऐकून घेणार याची ही रोजची सोय आहे. आमच्या मते औषध असलंच तर ते इथे आहे.

आपल्याकडचं मोजमापही आहे. अलाहाबादच्या माघ मेळ्यात महिनाभर थंडीत, गोंगाटात, गैरसोयीत राहणाऱ्या 416 कल्पवासींना आणि मेळ्याला न गेलेल्या 127 जणांना मेळ्याच्या आधी आणि नंतर प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. कल्पवासींनी आपली तब्येत आधीपेक्षा बरी असल्याचं सांगितलं. न गेलेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. सांगितलं, तपासलं नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. आणि गर्दी मारतेही. एके काळी पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकी गावोगाव जायची. जानेवारी 2005 मध्ये मांढरदेवीच्या चेंगराचेंगरीत अडीचशेपेक्षा जास्त माणसं गेली.

आणखी एक गोष्ट अमेरिकेच्या आकड्यांत दिसत नाही. हजेरी लावायची मुभा कुणाला होती? पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून मे 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. ज्याला दारातच अडवलं, त्याला त्या देवळातून कसला आधार मिळणार?

मग डॉक्टरांनी कागदावर 'रोज देवळात जा' लिहून द्यावं का? मुळीच नको. न मानणाऱ्याला ते ढोंग वाटेल, आणि बरोबरच वाटेल. माणसं जमण्यासाठी देव लागतोच असंही नाही. इथून जवळच, अंधेरीत, डॉ. मदन कटारियांनी 1995 मध्ये पाच माणसांनिशी हास्य क्लब काढला. आज आला नाहीत, बरं आहे ना, असं विचारणारा कुणी असला की झालं. अर्थात हास्य क्लबमुळे आयुष्य वाढतं असा दावा आम्ही करत नाही.

आम्हाला काळजी वेगळीच आहे. सिद्धार्थ नगरच्या पत्रा चाळीचा पुनर्विकास करार 2008 मध्ये झाला. 672 कुटुंबं बाहेर पडली, भाड्याच्या घरांत पांगली आणि वर्षानुवर्षं वाट बघत राहिली. चटईक्षेत्र, भाडं, ताबा यांवर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. पण चाळ पांगली की एकमेकांच्या दाराची सवयही पांगते, आणि ती कुठल्याच करारात लिहिलेली नसते. गुरुवारच्या भजनाला, गणपतीच्या आरतीला पेटी वाजवणारा एका उपनगरात आणि टाळ धरणारी दुसऱ्या. आता मोतीलाल नगरची पाळी आहे. तिथल्या सोसायट्यांना आमचं एक साधं सांगणं आहे: घर सोडायच्या आधी सत्तरीपुढच्या प्रत्येकाचं नाव, फोन नंबर आणि त्यांना रोज फोन करणाऱ्याचं नाव एका वहीत लिहून ठेवा.