जिमखान्यांचं घोडं कुठे पेंड खात होतं?

मरिन ड्राइव्हवरच्या पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांचा अधिकृत इतिहास म्हणजे दानशूर शेटजी, उदार गव्हर्नर आणि खेळाची आवड. पॅव्हेलियनच्या मागच्या व्हरांड्यात मात्र गोष्ट घोड्यांपासून सुरू होते.

1880 च्या सुमारास एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळत. त्याच मैदानावर बॉम्बे जिमखान्याचे साहेब पोलो खेळायचे. टापांनी खेळपट्टीची चाळण व्हायची. अर्ज गेले, हुकूम निघाले, फिरलेही. (साहेबांचं स्वतःचं क्रिकेट कुंपणाआड सुरक्षित होतं, हे सांगायला नकोच.) अखेर 1887 मध्ये पारशांना समुद्राकाठी जागा मिळाली. कटकट लांब गेली, असं सरकारला वाटलं असावं. तिथेच फसगत झाली. मागोमाग मुसलमान आणि हिंदूही दारात उभे राहिले.

गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांनी जागा दिल्या, पण बजावलं की एका समाजाला एकच जिमखाना. हिंदूंचे क्लब तर जातीगणिक वेगळे! 1894 मध्ये परमानंददास जीवनदास यांच्या नावाने हिंदू जिमखाना उभा राहिला आणि सगळ्यांना एका छपराखाली यावं लागलं. समाजसुधारकांना जे जमत नव्हतं, ते सरकारी कंटाळ्याने घडवलं.

छप्पर एक झालं, एवढंच. दलित गोलंदाज पळवणकर बाळू 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे येईना. जातीचा प्रश्न होता. बाहेर मात्र ‘निवड समितीचा निर्णय’ एवढंच कळायचं. 1920 मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. मग समितीची पळापळ झाली आणि बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. सामन्यात कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. तीन वर्षांनी विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्यांनी समाजवार संघांची चौरंगी स्पर्धा जिंकूनही दाखवली. एवढा वेळ कशाला घालवला, हे समितीला कोणी विचारलं नाही.

जातीनंतर भांडण आलं ते खुर्च्यांचं. 1937 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं ब्रेबॉर्न स्टेडियम झालं. आपल्या वाट्याला जागा कमी आल्या म्हणून हिंदू जिमखाना रुसला आणि त्या वर्षीच्या, आता पाच संघांच्या झालेल्या पंचरंगी स्पर्धेत हिंदूंचा संघ उतरलाच नाही. क्लबने यातून काय धडा घेतला? काहीच नाही. पुढे मुंबई क्रिकेट असोसिएशनशीही तिकिटांवरून तंटा झाला. असोसिएशनचे शेषराव वानखेडे चिडले आणि हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधून मोकळे झाले. 1975 च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली आणि ब्रेबॉर्नवरच्या कसोट्या थांबल्या.

2009 मध्ये त्या वानखेडे स्टेडियमचं नूतनीकरण निघालं, तेव्हा श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवरच घ्यावी लागली. सेहवाग 293 वर बाद झाला. त्या सामन्याच्या पासांसाठी कोण कोणाला फोन करत होतं, ते मात्र आमच्याकडून काढून घेऊ नका.