झाशीची टेकडी आणि ‘स्मारक’ या संज्ञेची व्याप्ती

झाशी या नावाची एक व्युत्पत्ती लोकपरंपरेने जपलेली आहे. ओडछ्याहून पाहणाऱ्याला बंगरा टेकडीवरील गड ‘झाँई-सी’, म्हणजे सावलीसारखा अंधूक दिसला आणि त्या उद्गारातून नगराचे नाव रूढ झाले, असे सांगतात. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकेल की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु लोकस्मृतीला गड आणि टेकडी या दोन भिन्न वस्तू वाटत नाहीत, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते. कायद्याला मात्र त्या भिन्न वाटतात.

ओडछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेला आणि अठराव्या शतकात मराठ्यांचा सुभेदार नारोशंकर याने वाढविलेला हा किल्ला आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. त्याला लागू असलेल्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत बांधकाम, थडगे, गुंफा, शिलाशिल्प, शिलालेख, एकाश्म इत्यादींचा समावेश होतो. ती वस्तू किमान शंभर वर्षांची असावी आणि तिला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व असावे, ही अट आहे. ज्या ग्रॅनाइटी खडकावर किल्ला उभा आहे त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. तरीही शंभर वर्षांच्या त्या अटीशी त्याचा संबंध येत नाही! स्मारकाच्या रक्षणाला लागणारी लगतची भूमी एवढ्याच नात्याने तो खडक कायद्यात प्रवेश करतो. १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत खाणकाम व बांधकाम निषिद्ध ठरले आणि पुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रित झाले. २०१० च्या दुरुस्तीने या मर्यादांना खुद्द अधिनियमात स्थान दिले. या रेषेपलीकडे तोच ग्रॅनाइट १९५७ च्या खनिजविषयक कायद्यानुसार ‘गौण खनिज’ ठरतो आणि राज्यशासनाच्या नियमांनुसार त्याचे पट्टे दिले जातात. झाशीच्या परिसरात खडी फोडण्याचा व्यवसाय मोठा असल्याने हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही.

मराठी वाचकाला या भूमीची ओळख प्रामुख्याने विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे झाली. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले; मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची. १८५८ च्या वेढ्यात गोडसे स्वतः झाशीत होते. ह्यू रोजच्या तोफा शहराबाहेर पूर्वेच्या व दक्षिणेच्या खडकाळ उंचवट्यांवर चढविल्या गेल्या होत्या. वेढ्याचा इतिहास समजून घेण्यास तटाइतकेच हे उंचवटेही आवश्यक आहेत. पण त्यांवर कोणी काही बांधले नाही, म्हणून वरील व्याख्येत ते आपोआप बसत नाहीत.

या अडचणीचे मूळ संज्ञेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हुंबोल्टने व्हेनेझुएलातील एका प्रचंड वृक्षासंबंधी लिहिताना ‘निसर्गाचे स्मारक’ ही कल्पना वापरली आणि युरोपातील कायद्यांनी ती पुढे स्वीकारली. अमेरिकेच्या १९०६ च्या कायद्याने ऐतिहासिक वस्तूंबरोबर ‘वैज्ञानिक’ महत्त्वाच्या वस्तूंनाही स्थान दिले. त्यान्वये त्याच वर्षी घोषित झालेले पहिले राष्ट्रीय स्मारक डेव्हिल्स टॉवर हा एक खडकच होता. दोनच वर्षे आधी, १९०४ मध्ये, कर्झनच्या काळात झालेल्या भारतीय कायद्यात ‘वैज्ञानिक’ हे विशेषण नव्हते. एका शब्दाच्या उणिवेचा परिणाम शतकभर राहिला. मराठीत तर ‘स्मारक’ म्हटले की कोणाचे, हा प्रश्न ओघानेच येतो. आणि डोंगर कोणाचेच स्मारक नसतो.

ही उणीव व्यवहारात कशी भरून काढली जाते, हे लोणारच्या उदाहरणावरून कळते. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये झालेल्या या विवराला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिली. मान्यता विद्वत्तेची होती. तिच्यामागे दंडाचे बळ देणारा स्वतंत्र कायदा नव्हता. प्रत्यक्ष संरक्षण २००० मध्ये अभयारण्य घोषित झाल्यावर वन्यजीव कायद्याद्वारे आले आणि २०२० मध्ये रामसर यादीने सरोवराला पाणथळ प्रदेश म्हणून गौरविले. खडकाला पशुपक्ष्यांच्या आणि पाण्याच्या आडोशाने कायद्यात यावे लागले, असेच म्हटले पाहिजे. २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना ‘लष्करी भूदृश्ये’ म्हणून जागतिक वारशात घेतले, तेव्हा डोंगर आणि तट यांचा एकत्रित विचार झाला; तथापि ती नोंद सांस्कृतिक वारशाची आहे, आणि झाशी त्या बारांत नाही.

केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. खडकाला खडक म्हणूनच संरक्षण देण्याचा विचार त्यात आहे. बुंदेलखंडात ग्रॅनाइट छेदून ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने मैलोगणती धावणाऱ्या पांढऱ्या गारगोटीच्या धारा, ज्यांच्या आधाराने चंदेलांनी तलावांचे बांध घातले, अशा व्याख्येत सहज बसू शकतील.