ताटातील गतकाळ

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाला उतरती कळा लागलेली असताना, १९९५ मध्ये सत्तारूढ झालेल्या शिवसेना-भाजप युतीने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली, तेव्हा क्षुधाशमनाइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व त्या पदार्थांनी जागविलेल्या गावाकडच्या स्मृतीला होते. सरकारी तिजोरीतून अनुदान आणि मोक्याच्या जागी टपऱ्या, असा बंदोबस्त असलेली ही योजना पुढील राजवटीत गुंडाळली गेली; टपऱ्या मात्र अनेक ठिकाणी कायम राहिल्या आणि तेथे वडे-भजी तळली जाऊ लागली. (भाकर थापण्यास कसबी हात लागतो, ही बाब दप्तरी टिपणांत सहसा येत नाही.)

२६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात व १०० ग्रॅम वरण असे काटेकोर परिमाण ठरले. भाकर गेली, आणि गतवैभवाचे सूचन तेवढे नावात उरले.

आंध्रात एन. टी. रामाराव यांनी १९८३ मध्ये दोन रुपये किलो दराने तांदूळ दिला होता. त्यांच्याच ‘अण्णा’ या लोकप्रिय संबोधनाने २०१८ मध्ये निघालेली पाच रुपयांची उपाहारगृहे २०१९ च्या सत्तांतरानंतर बंद पडली, आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांचा पुनरारंभ झाला तो, जेथून रामाराव स्वतः विधानसभेवर निवडून गेले होते, त्या गुडिवाड्यात.