बँड कुठे दिसू नये?

पुरुषाच्या पेशीत केडीएम५डी नावाचे एक प्रथिन असते. स्त्रीच्या पेशीत ते नसते, कारण त्याचे जनुक वाय गुणसूत्रावर आहे. त्याच्याशी कमालीचे साम्य असलेले केडीएम५सी एक्स गुणसूत्रावरच्या जनुकापासून बनते आणि दोघांच्याही पेशींत सापडते. ही दोन प्रथिने वेगवेगळी ओळखायची कशी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ज्या अँटिबॉडीच्या, म्हणजे ठरावीक आकाराला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या, भरवशावर प्रयोगशाळा त्यांचा माग काढतात, तिची खरी कसोटी इथेच लागते.

आधी या प्रथिनांचे काम पाहू. आपल्या पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए मावलेला असतो. रिळावर दोरा गुंडाळावा तसा तो हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनांची टोके बाहेर डोकावतात आणि त्यांवर ठरावीक जागी मिथाइल गट चिकटतात. आसपासची जनुके बोलती राहतील की गप्प बसतील, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. हे गट एकदा चिकटले की निघत नाहीत, असा समज कित्येक दशके होता. २००४ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या यांग शी यांच्या गटाने मिथाइल उतरवणारे एलएसडी१ हे विकर दाखवून दिले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अशा डीमिथाइलेजांची रांगच लागली. केडीएम५ कुटुंबातली चार प्रथिने त्यांतलीच. केडीएम५सीच्या जनुकातल्या बिघाडामुळे मुलग्यांमध्ये बौद्धिक अक्षमता येते, हे २००५ मध्येच कळले होते. ते प्रथिन मिथाइल उतरवते, हे समजायला २००७ उजाडले.

अँटिबॉडी बनवण्याची जुनी रीत साधी आहे. प्रथिनाचा एक छोटा तुकडा सशाला टोचायचा आणि त्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी वेगळ्या करायच्या. सशाच्या शरीराला तुकड्याचा आकार कळतो, प्रथिनाचे नाव कळत नाही. तोच आकार दुसऱ्या प्रथिनावर असला तर अँटिबॉडी तिथेही बसणार. केडीएम५सीमध्ये १५६० अमिनो आम्ले आहेत, केडीएम५डीमध्ये १५३९. वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत प्रथिने वजनानुसार वेगळी होतात आणि अँटिबॉडी जिथे बसते तिथे पट्टा, म्हणजे बँड, उमटतो; म्हणून या दोघांचे बँड जवळजवळ एकाच उंचीवर उमटतात. कुपीवरच्या नावाप्रमाणे योग्य वजनाचा ठसठशीत बँड मिळाला की विद्यार्थी खूश होतो. पण तो बँड नेमका कुणाचा, हे ब्लॉट सांगत नाही.

मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती रिकामी लेन, म्हणजे ब्लॉटवरची अशी रांग जिथे बँड उमटतच नाही. हेला पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या आल्या, त्यामुळे त्यांत वाय गुणसूत्र नाही. केडीएम५डीच्या अँटिबॉडीने त्यांत बँड दाखवला, तर ती दुसरेच काहीतरी पकडते आहे. एवढी स्वस्त आणि चोख चाचणी फार थोड्या प्रथिनांच्या वाट्याला येते. केडीएम५सीच्या बाबतीत ते जनुक मुद्दाम काढून टाकलेल्या पेशी लागतात, आणि तिथेही एक मेख आहे. त्या पेशी पुरुषाच्या असल्या आणि जनुक काढूनही बँड उरला, तर संशय केडीएम५डीवर जातो. स्त्रीच्या पेशी घेतल्या, तर ही गल्लत मुळात उघडच होत नाही. म्हणून दोन्ही तपासायला हव्यात.

या दोन प्रथिनांतला फरक ओळखणे अशक्य नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात स्त्रीकडून आलेल्या टी पेशी पुरुष रुग्णाच्या केडीएम५डीचा अवघ्या अकरा अमिनो आम्लांचा तुकडाही परका म्हणून ओळखू शकतात. हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा या प्रथिनाला एसएमसीवाय म्हणत. अँटिबॉडीसाठी तुकडा निवडतानाही दोघांत जुळत नाही असाच भाग घ्यायला हवा.

ब्लॉटमध्ये उत्तीर्ण झालेली अँटिबॉडी दुसऱ्या प्रयोगात नापास होऊ शकते, कारण तिथे प्रथिनाची घडी निराळी असते. हिस्टोनांवरच्या ५७ खुणांसाठीच्या दोनशेहून अधिक अँटिबॉडी २०११ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. पाव भागाहून अधिक विशिष्टतेच्या चाचणीत पडल्या. उरलेल्यांपैकी वीस टक्क्यांहून अधिक क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन डीएनएसकट ओढून काढण्याच्या प्रयोगात, निकामी ठरल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ विक्रीतल्या अँटिबॉडी जनुक काढलेल्या पेशींसमोर ठेवल्या गेल्या. तिथे ज्यांचा क्रम ठाऊक आहे आणि ज्या पेशींत पुन्हा पुन्हा तशाच बनवता येतात, अशा रिकॉम्बिनंट अँटिबॉडी सरस ठरल्या. ससा मेला की त्याची अँटिबॉडी संपते. रिकॉम्बिनंटची तशी अडचण नाही.

प्रोस्टेटच्या कर्करोगात काही गाठींमध्ये केडीएम५डी नाहीसे होते आणि अशा पेशी डोसीटॅक्सेल या औषधाला दाद देत नाहीत, असे संशोधनात दिसले आहे. उद्या गाठीचा काप रंगवून हे प्रथिन आहे की नाही यावर उपचार ठरवायचा झाला, तर केडीएम५सीवरही बसणारी अँटिबॉडी प्रत्येक गाठीत ‘आहे’ असेच सांगेल. असा शोधनिबंध हाती आला की मी निष्कर्षाच्या आधी पुरवणी आकृत्या उघडतो आणि तीच अँटिबॉडी, त्याच क्रमांकाची, स्त्रीच्या पेशींवर वापरून पाहिली आहे का, ते शोधतो.