वारशाच्या बाहुलीचें मोल

वडीलधाऱ्यांच्या मागें कपाटांतून चिनी मातीची एखादी बाहुली निघते आणि वांटणीच्या वेळीं तिचें मोल कोणासच सांगतां येत नाहीं. प्रथम ती उलटी करून तळ पाहावा. तेथें एकमेकींस छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी असल्या, तर ती खूण जर्मनींतील मायसेन येथें १७१० सालीं स्थापन झालेल्या कारखान्याची. पण तिची नक्कलहि विपुल झाली आहे. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ हे अस्सल शब्द दुसऱ्या महायुद्धानंतरचे, १९५२ पर्यंतचे. केवळ खुणेवर न विसंबतां घडण पाहावी: बोटें रेखीव आहेत काय? पाकळ्या शाबूत आहेत काय? तुटलेला भाग घरीं चिकटवूं नये. ओबडधोबड डागडुजीनें किंमत उतरते. विक्रेता मागतो तो आंकडा धरूं नये. लिलावांत तशाच वस्तूला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम विचारावी. मगच ती विकावी कीं ठेवावी, हें भावंडांनीं एकत्र बसून ठरवावें.