अ‍ॅक्वेरियमचा लाईट ‘स्मूथ’ मंद का होत नाही? घरगुती कंट्रोलरमागचं गणित

टायमरवर लावलेला फिश टँकचा लाईट सकाळी खटकन लागतो आणि आतले मासे सैरावैरा पळतात, काचेवर आपटतात, कधी झाकण नसेल तर थेट बाहेर उडी. टँक पाळणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलं असेल. मासा घाबरट आहे म्हणून असं होत नाही. बहुतेक माशांना पापण्या नसतात, आणि आपल्या डोळ्याची बाहुली जशी उजेडात पटकन लहान होते तशी त्यांची होत नाही. त्यांच्या डोळ्यात आतल्या पेशी पुढे-मागे सरकून उजेडाशी जुळवून घेतात, आणि या कामाला सेकंद नाही, मिनिटं लागतात. म्हणजे अंधारातून एकदम पूर्ण उजेड हा त्यांच्यासाठी खरोखर त्रास आहे.

उपाय सोपा वाटतो: एक ईएसपी३२ बोर्ड, एक मॉसफेट, १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि अर्ध्या तासात शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत जाणारा छोटा प्रोग्राम. सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एका चकरेत मिळतं. पण हा प्रोग्राम जसा सुचतो तसा लिहिला तर सूर्योदय काही सूर्योदयासारखा दिसत नाही. का, ते बघू.

आधी एलईडी मंद कशी होते ते. व्होल्टेज कमी करून चालत नाही. पट्टीत सहसा तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की पट्टी विझूनच जाते. म्हणून पीडब्ल्यूएम वापरतात: लाईट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करायचा आणि चालू राहण्याचा वेळ कमी-जास्त करायचा. डोळ्याला ते चालू-बंद कळत नाही, फक्त सरासरी उजेड दिसतो.

आता खरी मेख. आपला डोळा उजेड सरळ रेषेत मोजत नाही. पट्टीला २२ टक्के पॉवर दिली की आपल्याला साधारण ‘अर्धा उजेड’ वाटतो. त्यामुळे पॉवर सरळ रेषेत वाढवत नेली तर ३० मिनिटांच्या सूर्योदयात पहिल्या साडेसहा मिनिटांतच अर्धा उजेड होतो, आणि उरलेल्या २३ मिनिटांत फारसं काही घडतंय असं वाटत नाही. संध्याकाळी उलटं: बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटच्या काही मिनिटांत धाडकन अंधार. हाच प्रॉब्लेम फोनच्या ब्राइटनेस स्लायडरलाही होता. २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ मध्ये गूगलने स्लायडर डोळ्याच्या हिशोबाने वाकवला, म्हणून आता डावीकडच्या टोकालाही बारीक फरक करता येतो.

आपणही तेच करायचं. ‘किती उजेड वाटायला हवा’ हा आकडा ० ते १ मध्ये घ्यायचा, त्याचा २.२ वा घात काढायचा आणि तेवढी पॉवर द्यायची. याला गॅमा करेक्शन म्हणतात. कोडमध्ये ही एकच ओळ आहे.

पण इथे दुसरा खड्डा येतो आणि बरेच जण नेमके इथे अडकतात. आर्डुइनो उनोवर उजेडाच्या पायऱ्या ० ते २५५ एवढ्याच. गॅमा लावल्यावर पहिल्या १० टक्के ‘वाटणाऱ्या’ उजेडाला त्यातल्या फक्त १ आणि २ या दोन पायऱ्या उरतात! अर्ध्या तासाच्या सूर्योदयात पावणेदोन मिनिटं पूर्ण अंधार, मग अचानक पायरी १, आणि तिसऱ्या मिनिटाच्या आसपास पायरी २, म्हणजे उजेड एका क्षणात दुप्पट. २०० वरून २०१ ला जाताना अर्धा टक्का फरक पडतो, तो कोणाला दिसणार नाही. १ वरून २ मात्र डोळ्याला टोचतं, आणि तेही नेमकं अंधाराची सवय झालेल्या डोळ्याला.

म्हणून मी या कामासाठी उनो सुचवत नाही. ईएसपी३२ वर १००० हर्ट्झला १६ बिट मिळतात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. त्याच पहिल्या १० टक्क्यांना आता चारशेच्या वर पायऱ्या येतात आणि उजेड खरंच पहाटेसारखा वर येतो. अगदी तळाशी मात्र एक पायरी म्हणजे फक्त १५ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात मॉसफेट धड उघडतही नाही, त्यामुळे सुरुवातीच्या काही पायऱ्या वाया जातात. पट्टी जिथे जेमतेम मिणमिणायला लागते तो आकडा शोधून रॅम्प तिथून सुरू करा. प्रत्येक पट्टीचा तो वेगळा येतो. रॅम्पचा आकडा सेकंदातून दहा वेळा बदलला तरी पुरतं.

मॉसफेट ‘लॉजिक लेव्हल’च घ्या. दुकानात हमखास हातात पडणारा आयआरएफ५४० ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही आणि तापतो. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर नक्की लावा. बोर्ड सुरू होताना पिन काही क्षण लोंबकळत असते, आणि हा रेझिस्टर नसेल तर तेवढ्यात पट्टी फुल्ल चमकू शकते. मग एवढा सगळा गॅमा करून काय उपयोग? वायरिंगचं एकच सांगतो: टँककडून येणारी प्रत्येक वायर बोर्डाकडे किंवा सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातून खाली गळेल. अ‍ॅडॅप्टर पाण्याच्या पातळीच्या वर आणि टँकपासून लांब.

राहिली वेळ. ईएसपी३२ वाय-फायवरून इंटरनेटची वेळ घेतो. भारतासाठी त्यात १९,८०० सेकंद मिळवायचे, म्हणजे साडेपाच तास. पण पावसाळ्यात वीज जाते, परत येते, आणि राउटरच्या आधी आपला बोर्ड सुरू होतो. तेव्हा त्याला रात्र आहे की दुपार हेच ठाऊक नसतं. त्यासाठी डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल जोडा. बटण सेलवर चालतं आणि वर्षाला फार तर मिनिटभर चुकतं. आणि वीज आल्यावर त्या वेळेच्या उजेडावर थेट उडी मारायची नाही. दुपारी दोन वाजता वीज आली तरी शून्यापासून निघून पाच-सात मिनिटांत तिथे पोचायचं. हे प्रोग्राममध्ये वेगळं लिहावं लागतं, आणि तयार मिळणारे स्वस्त टायमर हे करत नाहीत.